जाळाच्या वाट्याचे पाऊल

संदर्भ (विषयाच्या आधी दिले आहेत, कारण गोष्टी अशाच अंगावर आल्या):

(१) डाव्या पायाची करंगळी, आत वळलेली.
(२) "इथे फोनला रेंज कुठे येते हो?" एक पाहुणी, डोळे पुसत.
(३) साखरेने नाव लिहिलेला पाव. टर्की पक्ष्यांनी खाल्ला.
(४) एक काठी. सध्या आपल्या कार्यालयात झाडूशेजारी उभी आहे.
(५) पाटीभर झेंडू, धुळीसकट.
(६) टायरवाल्याचा नवा सदरा.
(७) याच विषयावरचा पहिला अर्ज आणि त्यावरचा लाल शाईतला शेरा: "यात 'मी' फार आहे. 'अर्जदार' असे लिहून पुन्हा सादर करावा."

प्रति,
मा. निसेफोरो बाउतिस्ता,
अध्यक्ष, सामायिक जमीन व गावकी समिती,
सान मातेओ लोमा रोहा, राज्य ओआहाका.

अर्जदार: लिब्रादा साराते, कुंभारीण, राहणार भट्टीची आळी.

विषय: मुलगा फिदेन्सिओ यास मृतांतून कमी करणे, सून आदेल्फा हिला विधवा मानणे आणि कोतवालाची काठी परत मिळणे, या तिन्हीबाबत एकदमच.

महोदय,

१. शेऱ्याप्रमाणे अर्जातून 'मी' काढला आहे. चिटणीस एलिसेओ यांनी समजावले की सरकारदरबारी 'मी' म्हटले की माणूस भांडायला आल्यासारखा वाटतो आणि 'अर्जदार' म्हटले की रांगेत उभा असल्यासारखा. तेव्हा अर्जदार रांगेत उभी आहे. मागे कुणी नाही, पुढेही कुणी नाही, तरी उभी आहे.

२. अर्जदाराचा एकुलता एक मुलगा फिदेन्सिओ मेंदेस नऊ वर्षांपूर्वी सीमेपलीकडे कामाला म्हणून उत्तरेकडे गेला. गावातले निम्मे पुरुष जातात तसाच, पाठीवर एक पिशवी घेऊन. सोनोराच्या वाळवंटाच्या अलीकडच्या एका गावातून त्याचा फोन आला. "आई, इथं रात्री लई थंडी पडते गं. पण बूट चांगले मिळाले," असे तो म्हणाला. पुढे काही नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही आणि, महोदयांनी इथे जरा थांबून वाचावे, प्रेतही नाही. हाड नाही, पट्ट्याचे बक्कल नाही, ते चांगले बूटही नाहीत. नाहीसे होणे आणि मरणे यांत फरक आहे. बोकड हरवला तर आपण तो शिजवला असे लिहून ठेवत नाही.

आपण त्याचे धर्मबाप आहात. बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ तो आपल्या हातांवर होता. आपल्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर त्याने त्या वेळी काय केले, ते लिहिणे अर्जाच्या भाषेत बसत नाही, पण आपल्या लक्षात असेल.

३. नियम आपणास पाठ आहे. चिटणीस मात्र शहरात शिकून आल्यामुळे तो त्यांच्यासाठी लिहिला आहे. आपल्याकडे जमीन गावाची आहे आणि जो गावकी करतो तो गावाचा आहे. गावकीच्या पटावर नाव असलेल्या पुरुषाची पाळी आली की त्याने आधी कोतवाली करायची, मग देवळाची घंटा, मग पाटाचे पाणी, असे चढत जायचे, बिनपगारी. तो उत्तरेत असला तर घरच्या माणसाने त्याच्या नावाने करायची. केली नाही तर नाव पटावरून जाते. मेला तर नाव आपोआप जाते, घराला गावकी माफ होते आणि सगळे म्हणतात, बिचारी सुटली.

अर्जदाराला सुटायचे नाही.

फिदेन्सिओच्या नावाने कोतवाली निघाली तेव्हा सभेत काठी घ्यायला अर्जदार पुढे झाली. बाया हसल्या. भट्टीवरची म्हातारी तोमासा म्हणाली, "लिब्रादा, गुडघ्यांना विचारलंस का गं?" अर्जदार म्हणाली, "गुडघे माझे, पाळी त्याची." तेव्हापासून गावाचे निरोप तिने पोचवले, भांडणे सोडवली, मोकाट डुकरे कोंडली. दारू पिऊन पडलेल्यांना ती काठीने ढोसून म्हणे, "फिदेन्सिओ मेंदेसच्या नावानं सांगते, घरी जा!" आणि ते डोळेही न उघडता म्हणत, "जातो रे फिदेन्सिओ, जातो. ओरडू नको." महोदय, रोज या गावात त्याला कुणीतरी उत्तर देत होते. पाळी संपली तरी काठी दुसऱ्या कुणाला नको होती, म्हणून ती अर्जदाराकडेच राहिली. तिचे गुडघे बिघडले हे खरे आहे. त्याबद्दल हा अर्ज नाही.

४. मग कला आली.

राजधानीहून रेनाता ओलावार्रिआ नावाच्या कलाकार बाई आल्या आणि शाळेच्या खोलीत मुक्काम ठोकून राहिल्या. सीमा ओलांडताना मेलेल्या आपल्या खोऱ्यातल्या एक्केचाळीस जणांचे स्मारक त्यांना करायचे होते. प्रत्येक मृताच्या घरच्या माणसाने आपल्या लाल मातीत त्याचे एक पाऊल घडवायचे, तळव्याचा खोल ठसा ठेवायचा, नाव कोरायचे. देवळापासून चौकातून उत्तरेच्या रस्त्यापर्यंत ती पावले जमिनीत बसवायची. पाहुण्यांनी अनवाणी होऊन त्यांत आपले पाय ठेवायचे आणि त्यांना काय वाटते ते वाटून घ्यायचे. याला सहभाग म्हणतात. अर्जदाराच्या लहानपणी याला दुसऱ्याच्या पायताणात पाय घालणे म्हणत आणि कानाखाली बसत असे.

ज्यांची माणसे मेली त्यांच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. एर्मेलिन्दाच्या दोन्ही भावांची मढी पेटीत घालून आली होती; तिने दोन पावले घडवली आणि घडवताना ती गुणगुणत होती. तिचे गुणगुणणे बऱ्याच वर्षांनी ऐकले. ज्याच्याकडे पुरायला काही आहे त्याने स्मारक करावे. तो त्याचा हक्क आहे.

५. आता भट्टीचा रिवाज. हा आपणास ठाऊक आहे, पण सगळा घोळ इथेच झाला म्हणून लिहावा लागतो.

आपल्या बाया भट्टीत भांडी कधी नेमकी लावत नाहीत. मागणीपेक्षा एक जास्त लावतात. तो जाळाचा वाटा. भाजताना एखादे तडकले तर जाळाने आपला वाटा घेतला, हिशेब मिटला. काहीच तडकले नाही तर ते जास्तीचे भांडे भट्टीच्या तोंडाशी दगडाने फोडायचे. नाहीतर जाळ उपाशी राहतो आणि उपाशी जाळ घर शोधत येतो. भट्टीजवळचा खापरांचा ढीग आपल्या आजोबांपेक्षा जुना आहे. त्यात घागरी आहेत, तवे आहेत, मेणबत्त्या लावायचे एक मातीचे झाड आहे. पावलेही भट्टीतच भाजायची, म्हणून बेचाळिसावे पाऊल करणे आले.

ते अर्जदाराने केले. तोमासानेच सांगितले. चाळीस बायांसमोर, मोठ्या आवाजात: "यातलं जिचं कुणी मेलेलं नाही तिनंच वाटा घडवावा. लिब्रादा, तू कर." कुणीही "अगं पण" म्हटले नाही. म्हणजे त्या दिवशी दुपारपर्यंत फिदेन्सिओ जिवंत आहे हे सगळ्या गावाला मान्य होते. समितीने याची नोंद घ्यावी.

अर्जदाराने मातीचा गोळा थापला आणि माप कुठून आणायचे म्हणून स्वतःचा डावा पाय त्यात दाबला. नाव कोरले नाही. जाळाला नाव नसते.

६. भट्टी उघडली तेव्हा एकही पाऊल तडकले नव्हते. अशी भाजणी दहा वर्षांत लागली नव्हती. बायांनी टाळ्या वाजवल्या. तोमासाने जास्तीचे पाऊल उचलून भट्टीच्या तोंडाशी ठेवले आणि दगड हातात घेतला. त्यावर रेनाताबाई किंचाळल्या. पुढचे बोलणे तोमासाने जसे सांगितले तसे दिले आहे.

"अहो, थांबा! मोडताय काय?"

"हे जाळाचं आहे, बाई."

"किती सुंदर आहे ते! करंगळी बघा, किती खरी आली आहे. हे नाही मोडायचं. प्लीज."

"मोडलं नाही तर बरं नसतं."

"आजी, इतकी माणसं मोडली. निदान हे तरी राहू दे." असे म्हणून त्यांनी पाऊल छातीशी धरले आणि विचारले, "हे कुणाचं?"

तोमासाने दगड खाली ठेवला. पाहुणीच्या हातातून वस्तू हिसकावून घेणे आपल्यात बसत नाही. राजधानीच्या माणसाने ओळखले आहे की आपल्यात काय काय बसत नाही, आणि त्यावरच त्यांचे सगळे बसते.

मग अर्जदाराची सून आदेल्फा म्हणाली, "फिदेन्सिओ मेंदेस. लिहा."

रेनाताबाईंनी खिळा घेऊन भाजलेल्या मातीवर नाव ओरबाडले. भाजलेल्या मातीवर शेंबडे पोरही लिहीत नाही. ती अक्षरे आजही खरचटल्यासारखी दिसतात.

अर्जदार त्या वेळी हजर नव्हती. आपलाच एक निरोप घेऊन ती वरच्या वस्तीवर गेली होती, हातात काठी, फिदेन्सिओच्या नावाने. म्हणजे ज्या घटकेला तो भट्टीपाशी मेला, त्या घटकेला तो वरच्या वस्तीवर गावाचे काम करीत होता. एकाच माणसाकडून दोन्ही करून घेणारी आपली समिती खरोखर कार्यक्षम आहे.

७. (हा परिच्छेद चिटणिसांच्या सूचनेवरून वगळला आहे. तो चिटणिसांविषयी होता.)

८. उद्‌घाटनाला तीन बसगाड्या भरून माणसे आली. बँड आला. आपण फीत कापली आणि "हे पाऊल आपल्या सर्वांचे आहे" असे बोललात. ते निदान एका पावलाबाबत चूक होते. ते अर्जदाराचे होते.

लोक रांगेने बूट काढत होते, पाय ठेवत होते, डोळे मिटत होते. फिदेन्सिओचे नाव असलेल्या पावलापाशी गर्दी जास्त होती, कारण ते सगळ्यांत लहान होते. रेशमी शाल घेतलेली एक बाई त्यात पाय घालून हुंदके देऊ लागली. "किती लहान पाऊल! अगदी पोरगाच असेल हो!" फिदेन्सिओचा पाय आपण पाहिलेला आहे. त्याच्या मापाची पायताणे तालुक्यात मिळत नसत. नदीत उतरला की मुले म्हणत, पूर आला. ती बाई त्याच्यासाठी रडत नव्हती. ती अर्जदाराच्या वाकड्या करंगळीसाठी रडत होती, आणि अर्जदार हातात पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळच उभी होती, दोन्ही करंगळ्यांसह. कुणीतरी पाणी द्यायला हवे म्हणून तिने ते दिले. पाणी पिऊन झाल्यावर त्या बाईने रेंज कुठे येते ते विचारले. अर्जदाराने तिला डुकरांच्या कोंडवाड्याकडे पाठवले. तिथे खरोखरच येते.

मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे पुष्कळ पाहिले. मढे नसताना लोणी काढणारे प्रथमच पाहिले.

अर्जदाराने रेनाताबाईंना गाठून सांगितले की पाऊल तिचे आहे. हवे तर साक्षीदारांसमोर पाय घालून दाखवते. रेनाताबाई म्हणाल्या, "लिब्रादाबाई, कलेत पाऊल नेमकं कुणाचं याला महत्त्व नसतं."

"मग नाव कुणाचं याला तरी कशाला? खोडा."

"खोडलं तर ती जागा रिकामी दिसेल. आणि रिकामी जागासुद्धा बोलते."

अर्जदाराच्या घरात नऊ वर्षे एक रिकामी जागा आहे. ती काही बोललेली नाही. बोलली असती तर हा अर्ज करावा लागला नसता.

मग रेनाताबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल," असे त्या म्हणाल्या. "एकदा रडून घ्या ना." त्यांचे हात खरबरीत झाले होते, महिनाभर त्यांनीही माती मळली होती. त्या खोटे बोलत नव्हत्या. हेच त्यांचे सर्वांत वाईट आहे. खोटे बोलणाऱ्या माणसाला शिव्या तरी घालता येतात.

९. पुढच्या सभेत आपण फिदेन्सिओचे नाव पटावरून कमी केले. सभा उभी राहिली, टोप्या उतरल्या. आपण अर्जदाराच्या हातातून काठी हळूच काढून घेतली आणि म्हणालात, "कोमाद्रे, पुरे झालं आता. बसा. विसावा घ्या." मुलाच्या धर्मबापाने मुलाच्या आईला मारायची ती हाक. इतक्या प्रेमाने आजवर कुणी अर्जदाराचे काही हिसकावलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात गेली. चिटणीस म्हणाले, "नाव परत लावायचं तर तो जिवंत असल्याचा पुरावा द्या."

"मेल्याचा कुठे आहे?"

"चौकात आहे की. गावानं पाहिलाय, पाहुण्यांनी पाहिलाय. वर्तमानपत्रात फोटो आला."

"तो माझा पाय आहे."

"मावशी," चिटणीस म्हणाले, "तुमच्या पायावर त्याचं नाव आहे ना? झालं तर."

अर्जदाराने त्यांना विचारले की उद्या एखाद्या गाढवावर त्यांचे नाव ओरबाडले तर गावाने चिटणिसाला चारा घालायचा का. यावर त्यांनी तिला अर्ज करायला सांगितले. तो केला. त्यावरचा शेरा वर आलाच आहे.

१०. मृतांच्या सणाला समितीकडून घरी पाव आला. वर पांढऱ्या साखरेने लिहिले होते: फिदेन्सिओ. आपल्या घरी मृताला पाव ठेवतात, त्याच्या आवडीचे जेवण ठेवतात, मेणबत्ती लावतात आणि तो येऊन वास घेऊन जातो. अर्जदार सासूसासऱ्यांना ठेवते, नवऱ्याला मेझ्काल दारूचा पेला ठेवते, जरी जिवंतपणी त्याला तो दिल्याचा तिला पस्तावा आहे. फिदेन्सिओला नऊ वर्षांत तिने दाणा ठेवलेला नाही. जेवायला बोलावणे म्हणजे मेला म्हणणे. तो पाव तिने टर्कींना घातला. टर्की पक्ष्यांनी कसलाही संकोच दाखवला नाही.

इथवर ठीक होते. पण संध्याकाळी दार उघडले तर उंबऱ्यापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातलेली. शाळेतल्या मुलांनी प्रेमाने घातली होती, रेनाताबाईंच्या कल्पनेवरून. चौकातल्या त्या पावलापासून निघून वाट थेट अर्जदाराच्या दारात येत होती, म्हणजे तो चुकू नये.

महोदय, त्या वाटेवरून जो येतो तो मेलेलाच असतो. जिवंत माणूस त्या वाटेने येत नाही. तो बसने येतो, मळके कपडे घेऊन येतो, आल्या आल्या खायला मागतो. वाट तशीच राहिली असती आणि तो खरोखर आला असता तर? अर्जदाराने केरसुणी घेतली आणि दारापासून चौकापर्यंत सगळा झेंडू झाडला. लोक दारादारांत उभे होते. एर्मेलिन्दा ओरडली, "लिब्रादा, पाप लागेल! ती मेलेल्यांची वाट आहे!" अर्जदार म्हणाली, "म्हणूनच." वाट झाडल्याबद्दल समितीकडून तिला समज देण्यात आली आहे. समज मिळाली. सोबत जोडली आहे. परत घ्यावी.

११. आता आदेल्फाबद्दल. हा भाग अर्जदाराला लिहायचा नव्हता, पण विषयात तिचे नाव आहे.

ती तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होती. अर्जदाराने विचारले, "नाव तू दिलंस?"

"दिलं."

"कुणी मागितलं होतं?"

"बाईंनी विचारलं, हे कुणाचं. कुणीच बोललं नाही. मी नऊ वर्षं बोललेली नाही, आई. म्हटलं आज बोलावं."

"तो मेला असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही." तिने भाकरी उलटली. "तुमच्या हातात काठी होती. तुम्ही काठी आपटत फिरायच्या आणि गाव 'ओ' द्यायचं. माझ्या हातात काय होतं? मूल नाही. टायरवाला दारावरून जातो, नवा सदरा घालून. रोज जातो. मी आत जाऊन बसते, कारण मी नवऱ्याची बायको आहे. आणि आत कुणी नसतं."

"तो येईल."

"आई, तो मेलाय असं म्हणताना मला बरं वाटतं, ते का, सांगू? कारण तो जिवंत असेल तर तो येत नाहीये."

भाकरी करपली. ती तिने अर्जदाराच्या ताटात वाढली नाही, स्वतःच्या ताटात घेतली.

हा परिच्छेद इथेच संपवला आहे.

१२. सबब तडजोड सुचवण्यात येते. आदेल्फाला विधवा मानण्यास अर्जदाराची काहीही हरकत नाही. तिला काळे नेसू द्यावे, वर्षाने ते उतरवू द्यावे, टायरवाल्याने मागणी घातल्यास तिच्या आईच्या जागी अर्जदार मागणीच्या रिवाजाप्रमाणे गरम चॉकलेटचा पेला घेऊन बसेल आणि नीट वागेल. मात्र तिचा नवरा मेला असे समजू नये. तो पटावर राहावा.

हे नियमात बसत नाही हे अर्जदारास कळते. मेलेल्या माणसाचा पाय त्याच्या जिवंत आईचा असणे हेही नियमात बसत नाही, आणि ते चौकात बसवलेले आहे. एका खोट्याला गावाने जागा दिली. आता शेजारी एका अर्ध्या खऱ्याला द्यावी. आपण उत्तरेकडच्या कुंपणाला शिव्या देता की ते माणसाला इकडचा की तिकडचा एवढेच विचारते. समितीचा पट वेगळे काय विचारतो?

१३. येत्या रविवारी पावले सिमेंटमध्ये कायमची बसवायची आहेत असे समजते. म्हणून घाई आहे.

आपण म्हणाल, एवढेच आहे तर लिब्रादाने जाऊन ते फोडले का नाही? हा प्रश्न योग्य आहे. अर्जदार गेली होती. भर दुपारी, चौक रिकामा असताना, भट्टीवरचा तोच दगड घेऊन. पाऊल तिचे स्वतःचे आहे हे तिला माहीत होते. माती तिने मळली, टाच तिची, करंगळी तिची. जाळाचा वाटा फोडणे हा रिवाज आहे, पाप नाही. तिने गुडघे टेकले, जे तिला आता सहज जमत नाही. दगड वर नेला.

वरून पाहताना त्यावर नाव त्याचे होते.

दगड खाली आला नाही. नंतर तिने दगड हळूच जमिनीवर ठेवला, पावलात साचलेली माती बोटाने काढली आणि घरी आली. रेनाताबाईंना हे कळवू नये. त्या याला सहभाग म्हणतील.

१४. तरी विनंती अशी की, हे काम आपण करावे. समितीचा ठराव करून नव्हे, चिटणिसांना पाठवून नव्हे. आपण स्वतः, धर्मबाप म्हणून, रविवारच्या आत चौकात यावे. दगड तिथेच ठेवला आहे. पाऊल फोडावे आणि तुकडे भट्टीच्या ढिगावर टाकावेत, म्हणजे जाळाचे जाळाला मिळेल आणि फिदेन्सिओचे नाव कुठल्याही मेलेल्या वस्तूवर राहणार नाही. मग ते पटावर परत लिहावे.

आणि आपणही गुडघे टेकून, दगड वर नेऊन, खाली आणू शकला नाहीत, तर ज्याला मेलेला म्हणून आपण टोपी उतरवलीत तो आपल्याही हाताला मेलेला वाटत नाही असे समजण्यात येईल. त्या बाबतीत पाऊल राहू द्यावे, काठी परत द्यावी.

दोन्हींपैकी काहीही न करता अर्जावर शेरा मारल्यास अर्जदार तिसरा अर्ज करील. त्यात 'अर्जदार'ही नसेल.

चिटणिसांनी घालायला सांगितल्यावरून नम्र,
आपली कोमाद्रे,

लिब्रादा साराते
सान मातेओ लोमा रोहा
११ नोव्हेंबर

सोबत:
पहिला अर्ज, शेऱ्यासह.
समितीने दिलेली समज, परत.
डाव्या पायाचा ठसा, ओल्या मातीत, न भाजलेला. वाळण्याआधी पडताळून पाहावा.
आदेल्फाची संमती. तिने लिहून दिली नाही. वाचून दाखवल्यावर मान हलवली आणि उठून चूल फुंकायला गेली.

पटावर परत लिहिताना लागेल म्हणून: फिदेन्सिओ मार्चमध्ये एका सोमवारी जन्मला. पायाळू होता.